आनंदाचं पथ्य

पंपवाल्यांच्या घरात खोकणारे दोघं होते. एक ते स्वतः. त्यांचा खोकला जुना, मुरलेला. त्यांनी सिगारेट सोडली तरी त्याने काही त्यांना सोडलं नव्हतं. दुसरा त्यांचा कुत्रा. त्याचा खोकला नवा, कोरडा, आणि यायचा तो नेमका पंपवाल्यांचा थांबला की. तेव्हा पंपवाल्यांनी परस्पर निदान करून टाकलं, की हा आपली नक्कल करतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं ते जिन्यात भेटेल त्याला हसत हसत सांगायचे, आणि आपल्या बाटलीतलं औषध त्यालाही चमचाभर पाजायचे. माणसाचं औषध कुत्र्याला पाजू नये हे शहाण्यासुरत्या माणसाला सांगावं लागत नाही. पण घरात "अहो, हे काय करताय" म्हणणारं कोणी नसलं की शहाणासुरता माणूसही काय वाट्टेल ते करतो.

म्हणणारी होती, ती गेली. त्याला तीनेक वर्षं झाली होती.

कुत्र्याचं नाव वायसर. पिल्लू असताना त्याने पंपवाल्यांच्या हत्यारांच्या पेटीतला रबरी वायसर गिळला होता, आणि तो परत मिळेपर्यंत बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. मिळाला; कुठून मिळाला ते विचारू नका. यांनी तो धुऊन पुन्हा एका पंपाला बसवला असं बायको शेवटपर्यंत सांगायची आणि हे शेवटपर्यंत नाकारायचे. खरं काय ते पंपालाच ठाऊक.

पंपवाल्यांनी उभा जन्म पंप दुरुस्त केले. इमारतींच्या टाक्यांचे, कारखान्यांचे, तळघरातलं पाणी उपसायचे. कानाने ओळखायचे. पंपाशेजारी उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, बेअरिंग गेलंय, किंवा हवा धरलीय. त्या दिवसांत सगळे त्यांना "पंपवाले, पंपवाले" करत मागे फिरायचे, कारण पाणी बंद झालं की माणसाला देवापेक्षा पंपवाला जवळचा वाटतो. काम सुटलं आणि हाकाही सुटल्या. आता त्यांना हाक मारणारं असं कोणी उरलं नव्हतं. मुलगी लांब, दुसऱ्या देशात. फोन करायची, नेमाने करायची, पण पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, वायसर कसा आहे?" बाबा कसे आहेत ते नंतर, वेळ उरला तर.

म्हणून सकाळचा फेरा हा पंपवाल्यांचा खरा दिवस. घरातून निघायचं, फुलवाल्या बाईंच्या दुकानावरून बेकरीपर्यंत जायचं, पाव घ्यायचा, तळ्याला वळसा घालून परत. फुलवाल्या बाई पाण्याच्या बादल्या मांडता मांडता ओरडायच्या, "आलं का आमचं बाळ?" बेकरीवाला आतून कालच्या बिस्किटाचा तुकडा घेऊन यायचा. बसथांब्यावर एक शाळकरी मुलगी दप्तर खाली टाकून वायसरच्या गळ्यात पडायची. दोरीच्या या टोकाला पंपवाले उभे असायचे, हसत, उगाचच अभिमानाने. त्यांना लोक "वायसरवाले" म्हणत. ते त्यांना चालायचं. पंपवाल्याचा वायसरवाला झाला, सुटा भाग तर सुटा भाग, यंत्रात कुठेतरी आहोत ना, असं ते स्वतःशी म्हणायचे.

मग वायसर तळ्यापर्यंत जाईनासा झाला. बेकरीपाशीच बसकण मारायचा, जीभ बाहेर. खोकला वाढला. तेव्हा कुठे पंपवाल्यांनी त्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की याच्या हृदयाशी जंत झालेत. डास चावल्यामुळे.

"डास चावला की खाज सुटते, डॉक्टर," पंपवाले म्हणाले. "जंत कुठले काढलेत?"

"डासातूनच जातात. सुतासारखे, वीतभर लांब होतात. महिन्याची गोळी देत होतात ना त्याला?"

"कसली गोळी?"

डॉक्टरांनी गोळीची डबी काढून दाखवली, तेव्हा पंपवाल्यांना आठवलं. दर महिन्याला बायको वायसरला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायची, ते त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. लाडाने काहीतरी देते असं त्यांना वाटायचं. जाताना ती सगळं सांगून गेली होती, गॅस बघत जा, मुलीशी फोनवर भांडू नका, हिवाळ्यात मफलर सोडू नका. ही एक गोळी तेवढी सांगायची राहिली. आणि यांनी विचारली नाही.

दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक इकोवाल्या डॉक्टर यायच्या. हृदयाची सोनोग्राफी हेच त्यांचं काम. चाकांच्या पेटीत यंत्र घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायच्या. चाळिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. खोलीतला दिवा मालवून बसायच्या, म्हणजे पडदा नीट दिसतो आणि कुत्राही शांत राहतो. टेबल मोठं मजेशीर होतं. मधोमध एक भोक. वायसरच्या काखेजवळचे केस काढले, उजव्या कुशीवर त्याला आडवा केला, छाती बरोबर भोकावर. बाईंनी गार जेल लावलं आणि हातातलं यंत्र खालून छातीला टेकवलं. पंपवाल्यांना डोक्याशी उभं केलं.

"बोलत राहा त्याच्याशी. हळू."

पंपवाल्यांना काय बोलावं ते सुचेना. घरात तर ते दिवसभर बोलायचे. शेवटी त्यांनी त्याला बेअरिंग कसं बदलतात ते सांगायला सुरुवात केली. वायसर पडून ऐकत राहिला.

पडद्यावर काळ्यापांढऱ्यात वायसरचं हृदय उघडझाप करत होतं. पंपवाल्यांनी आयुष्यात हजार पंप उघडले असतील. चालू पंपाचं पोट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते बेअरिंग विसरून बघतच राहिले. झडप उघडतेय, मिटतेय, कोणी तेल नाही घातलं, कोणी ग्रीस नाही भरलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या. फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत दोन बारीक पांढऱ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, गणितातल्या बरोबरच्या खुणेसारख्या. एक खूण हलली, वळली. पलीकडे आणखी एक. "हा जंत. या दोन रेघा म्हणजे त्याच्या अंगाच्या दोन कडा."

"जिवंत आहे?"

"जिवंत आहे. पण थोडे आहेत, आणि अजून नळीत आहेत. मागे सरकून हृदयाच्या कप्प्यात आले असते तर मानेच्या शिरेतून चिमटा घालून ओढून काढावे लागले असते. उजव्या बाजूचा दाब थोडा वाढलाय. थोडाच. इंजेक्शनं देता येतील. वाचेल."

वाचेल म्हटल्यावर पंपवाल्यांना पुढचं धड ऐकूच आलं नाही. बाईंनी ते दोनदा सांगितलं. आधी एक इंजेक्शन, मग महिनाभर थांबायचं, मग आणखी दोन. आणि या सगळ्या काळात संपूर्ण विश्रांती. फिरायला नाही, जिना नाही, खेळ नाही. खोलीत जाळीचं कुंपण करून त्यात ठेवायचं, नैसर्गिक विधीपुरतं उचलून खाली न्यायचं आणि उचलून वर आणायचं. "इंजेक्शनने जंत मरतो, पण मेलेला जंत जातो कुठे? त्याचे तुकडे होऊन फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत अडकतात. अंग ते हळूहळू जिरवतं. कुत्रा धावला तर रक्त जोरात जातं, तुकडे एकदम जातात, आणि मग काही हातात राहत नाही."

"पण बाई, पंप बंद ठेवला की जाम होतो," पंपवाले म्हणाले. "रोज थोडा चालवावा लागतो. हा आमचा पहिला नियम."

"काका, मला पंपातलं कळत नाही. तुम्हाला हृदयातलं कळत नाही. मी तुमचा पंप उघडायला येत नाहीये ना?"

पंपवाल्यांनी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं.

पहिलं इंजेक्शन झालं. पंपवाल्यांनी बैठकीच्या खोलीत जाळीचं कुंपण केलं, झकास केलं, कडीबिडी लावून. वायसर आत आणि ते बाहेर, खुर्ची टाकून. पहिले काही दिवस त्यांनी अगदी कडक पाळले. आणि घर त्यांना खायला उठलं. सकाळ व्हायची, दोरी खुंटीवर लटकत असायची, वायसर दोरीकडे बघायचा, मग यांच्याकडे बघायचा. हे खिडकीकडे बघायचे. दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघून घेतलेलं असायचं आणि बघण्यासारखं आणखी काही शिल्लक नसायचं.

एका सकाळी ते एकटेच बाहेर पडले. पाव आणायचा होता, आणि खरं सांगायचं तर वायसर आजारी आहे हे सगळ्यांना सांगायचं होतं. लोक विचारतील, हळहळतील, आपण इकोचं सांगू, बरोबरच्या खुणेचं सांगू. जिना उतरताना त्यांनी वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली.

फुलवाल्या बाई बादल्या मांडत होत्या. पंपवाले थबकले, खाकरले. बाईंनी वर बघितलं, "काही हवंय?" म्हणाल्या, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. बसथांब्यावरची मुलगी समोरून आली आणि शेजारून गेली. तिच्या दप्तराचा पट्टा यांच्या कोपराला घासून गेला, पण तिचं लक्ष नव्हतं. बेकरीत पंपवाले काउंटरला टेकले.

"काय देऊ, साहेब?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?" बेकरीवाल्याने अगदी सभ्यपणे विचारलं.

वर्षानुवर्षं हा माणूस रोज सकाळी यांच्यासमोर उकिडवा बसून कुत्र्याला बिस्किट भरवत होता. त्याने यांचे बूट पाहिले असतील, गुडघे पाहिले असतील; चेहऱ्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. पंपवाल्यांना सांगता आलं असतं, अहो, मी वायसरवाला. पण ते सांगायला त्यांची जीभ उचलेना. माणसाला एवढा अपमान कोणी शिव्या देऊनही वाटत नाही. पाव न घेताच ते परत फिरले.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरची दोरी काढली.

आता इथे पंपवाल्यांची बाजू घेता येत नाही, पण त्यांनी स्वतःची समजूत कशी घातली ते सांगायला हवं. बंद पंप जाम होतो. बाई शिकलेल्या आहेत, पण त्यांनी हात काळे केलेले नाहीत. धावू नको म्हणाल्या, आपण कुठे धावतोय? फक्त बेकरीपर्यंत. हळूहळू. जिना उचलून. असं म्हणत म्हणत त्यांनी वायसरला रस्त्यावर आणलं आणि फुलवाल्या बाईंनी लांबूनच ओरडून स्वागत केलं, "कुठे होतं आमचं बाळ इतके दिवस?" मुलीने दप्तर टाकलं. बेकरीवाला बिस्किट घेऊन धावत आला आणि न विचारता यांच्या हातात नेहमीचा पाव ठेवला. पंपवाल्यांनी सगळ्यांना आजार सांगितला, तपशीलवार सांगितला, जंताच्या रेघा हवेत काढून दाखवल्या. लोकांनी ऐकलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांचं ऐकत होतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की शेजारी वायसर रस्त्यावर बसलाय आणि त्याची कूस भात्यासारखी हलतेय, हे त्यांना दिसलं आणि दिसलंही नाही.

मग हे रोजचंच झालं. दवाखान्यातून चौकशीचा फोन आला की पंपवाले सांगायचे, "एकदम विश्रांती. हलू देत नाही मी त्याला."

पुढच्या दोन इंजेक्शनांची वेळ जवळ आली होती. त्या सकाळी फुलांच्या दुकानासमोर बाईंनी हाक मारली, वायसरने शेपूट हलवली, दोन पावलं जोरात टाकली, आणि त्याचे चारी पाय एकदम दुमडले. आडवाच पडला. जिभेचा रंग गेला. फुलवाल्या बाई बादलीतलं पाणी घेऊन धावल्या, लोक जमले, सगळे "वायसर, वायसर" करायला लागले. पंपवाल्यांनी त्याला उचलला आणि छातीशी धरून दवाखान्याकडे निघाले. इतकी माणसं त्यांच्या भोवती जन्मात कधी जमली नव्हती, आणि आता त्यांना त्यातलं एकही नको होतं.

नशीब म्हणायचं की इकोवाल्या बाई तिथेच होत्या. वायसरला प्राणवायू लावला, श्वास जरा ताळ्यावर आला, आणि पुन्हा ते भोकाचं टेबल, पुन्हा अंधार. पायांना ठोके मोजायच्या तारांचे चिमटे लावताना बाईंनी वायसरचा पंजा हातात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"काय झालं नेमकं?"

"घरातच," पंपवाले म्हणाले. "अंथरुणातून उठला आणि पडला."

बाईंनी यंत्र खालून छातीला टेकवलं. पडद्यावर हृदय आलं. मागच्या वेळी पंपवाल्यांनी ते इतकं डोळे भरून पाहिलं होतं, की फरक त्यांना कोणी सांगायला नको होता. उजवा कप्पा फुगला होता. डावा मागच्या वेळी गोल होता, तो आता एका बाजूने चेपला होता. बाईंनी एक बटण दाबलं आणि यंत्रातून आवाज यायला लागला, रक्त वाहण्याचा. सूं, सूं, आणि प्रत्येक ठोक्यामागे एक उलटा, जोराचा फुस्कारा.

पंपवाल्यांनी सवयीने डोळे मिटले. हा आवाज त्यांना पाठ होता. झडप बसत नाहीये. वर ढकललेलं पाणी दाबाने मागे येतंय. पुढे नळी तुंबलेली आहे आणि कोणीतरी मागून पंप चालवतच राहिलंय. असा पंप एखाद्या गड्याने चालवलेला सापडला असता तर त्यांनी त्याला चारचौघांत फाडून खाल्लं असतं.

"काका," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "महिनाभर घरात बसलेल्या कुत्र्याची नखं वाढतात. याची रस्त्यावर घासून गुळगुळीत झालीयत."

पंपवाल्यांनी वायसरच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. तो तिथे ठेवायचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांना वाटलं. वायसरने मान वळवून तो हात हुंगला.

"बेकरीपर्यंतच नेत होतो," ते म्हणाले.

"का पण? मी दोनदा सांगितलं होतं."

"पंप..." म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि ते त्यांनाच इतकं खोटं वाटलं की सोडून दिलं. "तो बरोबर नसला की मला कोणी ओळखत नाही, बाई. एकटा गेलो होतो एकदा. बेकरीवाल्याने विचारलं, नेहमीचं म्हणजे काय."

अंधारात फक्त तो फुस्कारा ऐकू येत होता. बाईंनी आवाज बंद केला. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावल्या असत्या तर पंपवाल्यांना सोपं गेलं असतं.

"दवाखान्याबाहेर माणसं भेटतात मला," त्या म्हणाल्या, "आणि मीही ओळखत नाही. मग खाली बघते, कुत्रा दिसला की कळतं, हे अमक्याचे." त्यांनी वायसरच्या छातीवरचं जेल पुसलं. "पुढची इंजेक्शनं लांबवते. आता दिली तर वाचणार नाही. आधी हा दाब उतरायला हवा. औषधं देते, पण खरं औषध विश्रांती. आणि एक. तुम्ही बाहेरून आलात की हा काय करतो?"

"काय करणार? उड्या मारतो. दाराशीच. वेडा होतो नुसता."

"ते बंद. आनंदानेही दाब वाढतो. आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. तो शांत होईपर्यंत घरात कोणी आलंच नाही असं वागायचं."

"म्हणजे आनंदाचंही पथ्य?"

"दाब उतरेपर्यंत. आणि इंजेक्शनं संपल्यावरही काही आठवडे."

पंपवाल्यांनी या खेपेस मान डोलावली नाही. नुसतं "बरं" म्हणाले. आणि ते "बरं" खरं होतं.

दोरी त्यांनी माळ्यावर टाकली. बाहेर जायचं ते दुकानापुरतं, फुलवाल्या बाईंचा रस्ता टाळून. पण परत येणं हेच अवघड होऊन बसलं. पंपवाल्यांचं पाऊल पहिल्या मजल्यावर पडलं, की वर घरात वायसरला कळायचं. दाराबाहेर उभं राहिलं की ऐकू यायचं, शेपूट जाळीवर आपटतेय, ठण ठण ठण. जगात एवढा एकच जीव त्यांच्या येण्याने हरखून जात होता, आणि नेमकं तेच त्याला सोसणार नव्हतं. मग पंपवाले पिशवी मांडीवर घेऊन जिन्यातच बसून राहायचे.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, "किल्ली हरवली का?"

"नाही."

"मग असे का बसलात?"

"तो आनंदात आहे," पंपवाले म्हणाले. "जरा उतरू दे."

बाई त्यांच्याकडे एकदा आणि दाराकडे एकदा बघून वर गेल्या. ठणठण कमी होत जायची, थांबायची. मग पंपवाले दार उघडायचे आणि नजर समोर ठेवून, एखाद्या अनोळखी माणसाच्या बैठकीतून जावं तसे, सरळ स्वयंपाकघरात जायचे. वायसर जाळीला नाक लावून कुंई करायचा. हाक मारू नका, अरे म्हणू नका, बघू नका. बेकरीवाल्याने त्यांना जे नकळत केलं ते हे वायसरला जाणूनबुजून करत होते, रोज, आणि त्याच्याच भल्यासाठी करत होते. पण भलं असलं म्हणून काय झालं? कुत्र्याला ते थोडंच कळतं? आपण काय चुकलो हेच तो शोधत असेल, असं त्यांच्या मनात यायचं आणि ते सिंकचा नळ मोठा सोडायचे.

हळूहळू कुंई बंद झाली. मग एके दिवशी दाराबाहेर थांबल्यावर ठणठण ऐकू आली नाही. पंपवाल्यांना हायसं वाटलं. शिकला बिचारा, ते म्हणाले, गुणी आहे.

दाब उतरला. राहिलेली दोन इंजेक्शनं झाली. एक दिवस वायसर खूप खोकला, थोडं रक्त पडलं, आणि पंपवाले सगळा वेळ जाळीपाशी जमिनीवर बसून राहिले, त्याच्याकडे पाठ करून, म्हणजे त्याने उठू नये. तेही निभावलं. मुलीचा फोन यायचा, "वायसर कसा आहे?" आणि ते म्हणायचे, "सुधारतोय." बाबा कसे आहेत हे तिने एकदा आधी विचारलं, तेव्हाही त्यांनी वायसरचंच सांगितलं.

शेवटच्या इकोला इकोवाल्या बाई बराच वेळ बघत होत्या. नळी मोकळी. बरोबरच्या खुणा नाहीत. डावा कप्पा पुन्हा गोल. आवाज लावला तर उलटा फुस्कारा इतका बारीक, की पंपवाल्यांनी कान दिला म्हणून सापडला.

"छान आहे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "सांभाळलंत तुम्ही. आता हळूहळू फिरवा. आणि तुमचं ते पथ्य संपलं. नाचू दे दारात."

पंपवाल्यांनी वायसरला घरी आणलं. जाळी काढली, घडी करून माळ्यावर टाकली आणि महिन्याच्या गोळीची डबी टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवली. वायसर खोलीच्या मधोमध, जिथे त्याचं कुंपण होतं तिथेच, तेवढ्याच जागेत गोल होऊन झोपला. पंपवाल्यांनी पिशवी घेतली.

"पाव आणतो," ते त्याला मोठ्याने म्हणाले. पाव घरात होता. त्यांना पाव आणायचा नव्हता, परत यायचं होतं.

बेकरीवाल्याने "काय देऊ, साहेब?" विचारलं, आणि पंपवाल्यांनी त्याला सांगितलं, हा, हा द्या. त्यांचं लक्ष नव्हतं. परतीचा जिना ते पाय आपटत चढले, पहिल्या मजल्यापासूनच, खाकरत, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत. दाराशी थांबून कान दिला. बरोबर आहे, जाळी आता नाही, आवाज कुठून येणार? त्यांनी दार सताड उघडलं.

"वायसर," ते म्हणाले. "अरे, मी आलो."

वायसरने एक डोळा उघडला. त्यांच्याकडे बघितलं. शेपटीचं टोक जरासं हललं असेल, नसेल. मग त्याने, शिकवलं होतं तसं, मान पंजावर ठेवली आणि नजर भिंतीकडे वळवली. श्वास संथ चालू होता. ठोका शांत होता. हृदय उत्तम होतं.

पंपवाले पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मग ते पुन्हा बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि आपल्याच घराची बेल वाजवली. आतून काही आवाज आला नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा वाजवली.